टीकेला उत्तर, पण सूडाविना

टीका झाल्यावर प्रत्युत्तर द्यावे की मौन पाळावे, हा प्रश्न सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी उभा राहतो. या संदर्भात ख्रिस्ती शिकवण म्हटली की दुसरा गाल पुढे करणे एवढेच अनेकांना आठवते. प्रत्यक्षात ती इतकी सरळ नाही. कोणी अपराध केल्यास प्रथम त्याला एकांतात भेटून चूक दाखवावी, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, चौकशीच्या वेळी थप्पड मारणाऱ्या शिपायाला येशू त्याचे कारण विचारतो. थोडक्यात, सूड वर्ज्य आहे. सत्याचा आग्रह नाही.

या शिकवणीची कसोटी पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी लागली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्ममतांविषयी त्या प्रश्न विचारत राहिल्याने त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना अहंकारी ठरविले. रमाबाईंनी पत्रांतून प्रत्येक मुद्द्याला सडेतोड उत्तर दिले, सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करण्यास नकार दिला. पण ज्यांना त्या 'आजीबाई' म्हणत, त्यांच्याशी नाते तोडले नाही. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

दुसरा आघात पुण्यात झाला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढल्याच वर्षी पुण्यात आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेले. पालकांच्या विश्वासाचा प्रश्न गैरलागू नव्हता. रमाबाईंची भूमिका अशी की, सक्ती कोणावरही नाही. मात्र स्वतःची प्रार्थना दार लावून करणार नाही. टीकाकारांचे समाधान झाले नाही. त्यांनीही भूमिका बदलली नाही, आणि कामही थांबविले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी आणले आणि केडगावला आसरा दिला. तेथील मुक्ती मिशनचे कार्य आजही सुरू आहे. टीकेतील तथ्य तपासणे, न पटणारे स्पष्ट सांगणे आणि टीकाकाराचा द्वेष न करणे या तीन गोष्टी एकत्र साधणे किती कठीण आहे, हे या वादांतून दिसते. त्यांतील पहिली गोष्ट बहुधा सर्वांत अवघड असते.