घाटाखालच्या राउटरवर दुरून नजर

राउटरचे दूरव्यवस्थापन म्हणजे त्याच्याजवळ न जाता त्याची मांडणी बदलता येणे. दूरदेखरेख म्हणजे तो चालू आहे की बंद, बंद असेल तर कशाने आणि चालू असेल तर किती भार वाहतो आहे, हे दुरून कळणे. दोन्ही शब्द एका दमात उच्चारले जातात, पण कामे वेगळी आहेत. देखरेख नुसती पाहते, व्यवस्थापन हात लावते. देखरेख बिघडली तर काही काळ काही दिसत नाही, एवढेच. व्यवस्थापन बिघडले तर राउटर हातातून जातो, किंवा परक्याच्या हाती लागतो. म्हणून आधी पाहण्याची सोय करावी आणि मग हात लावण्याची.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत या सोयीची गरज पावसाळ्यात पटते. कशेळे, कडाव, खांडस, पळसदरी, चौक, वावोशी या पट्ट्यात फार्महाउस, रिसॉर्ट आणि शनिवार-रविवारची घरे पसरलेली आहेत. मालक मुंबई, ठाणे किंवा पुण्यात. घर आठवडाभर कुलूपबंद, पण कॅमेरे आणि राखणदाराच्या खोलीतले वायफाय चोवीस तास चालू. जून उजाडला की झाड तारेवर पडते, वीज कडाडून उपकरणे जळतात, रस्त्याच्या कामात जेसीबी केबल उखडतो. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि भिवपुरीचे १९२२ साली. इथली वीज शंभर वर्षांपासून मुंबईला जाते आहे, तरी वाडीवरची गेलेली लाइट कधी येईल हे कोणी सांगत नाही. अशा ठिकाणी ‘नेट बंद आहे’ एवढ्या निरोपावर मुंबईहून माणूस पाठवला की त्याचा दिवस गेलाच. निघण्यापूर्वी कळायला हवे ते हे, की बंद काय आहे: लाइट, फायबर की राउटर?

याचे उत्तर यंत्रे स्वतःच देतात, फक्त ते वाचावे लागते. फायबरच्या जोडणीत घरी ओएनटी नावाचा डबा असतो. बऱ्याच घरी राउटर त्यातच असतो, काही ठिकाणी वेगळा. लाइट गेली की ओएनटीच्या कपॅसिटरमध्ये क्षणभर पुरेल एवढी ऊर्जा उरते, आणि तेवढ्या वेळात तो केबलवाल्याच्या केंद्रातल्या ओएलटी या यंत्राला ‘माझी वीज गेली’ असा संदेश धाडतो. जाणकार त्याला ‘डायिंग गॅस्प’ म्हणतात. फायबर तुटली तर हा संदेश पोहोचायला वाटच उरत नाही. समजा, कशेळ्याजवळचे आठ बंगले रात्री २ वाजता एकदम गप्प झाले. आठांचेही निरोप आले असतील तर तो महावितरणचा प्रश्न. एकाचाही आला नसेल तर कुठेतरी केबल तुटली आहे, आणि सकाळी स्प्लायसिंगचे मशीन घेऊन निघावे लागणार.

ग्राहकाला ओएलटी दिसत नाही, पण त्याच्या राउटरमध्ये ‘अपटाइम’ नावाचा आकडा असतो. सेवा परत आल्यावर तो पाहावा. अपटाइम दहाच मिनिटांचा असेल तर राउटरची वीज गेली होती किंवा तो स्वतः बंद पडून पुन्हा सुरू झाला. अपटाइम चाळीस दिवसांचा असेल आणि तरी तीन तास नेट नव्हते, तर राउटर जागाच होता, दोष बाहेरच्या लाइनचा. तक्रार करताना हा एक आकडा बरोबर असला की पलीकडच्याचे ‘राउटर बंद करून चालू करा’ हे पालुपद आटोपते.

फायबर एकदम तुटतेच असे नाही. जोडाच्या डबीत पाणी शिरले, केबल कुठे दुमडली, तर प्रकाश हळूहळू मंदावतो. ओएनटीला मिळणारा प्रकाश डीबीएम या एककात मोजतात. उणे २० म्हणजे १० मायक्रोवॅट, आणि पुढे दर ३ डीबीच्या घटीला प्रकाश निम्मा होतो. घराघरांत वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत उणे २७ च्या आसपास सामान्य ओएनटीची क्षमता संपते. मे महिन्यात उणे २० असलेला आकडा जुलैत उणे २६ झाला असेल, तर नेट अजून चालू आहे, पण प्रकाश चौथाईवर आला आहे. दुरून देखरेख ठेवायची ती खरे तर यासाठी. बंद पडल्याचे राखणदारही फोनवरून सांगतो, पण बंद पडणार आहे हे तो सांगू शकत नाही.

देखरेखीची साधने जुनी आणि फुकट आहेत. ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. तो एक पुडके पाठवतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजतो. ‘एसएनएमपी’ ही रीत १९८८ सालची. तिच्यातून राउटरला किती बाइट आल्या-गेल्या, कोणता पोर्ट बंद आहे, असे प्रश्न ठरावीक वेळाने विचारता येतात. तिच्या जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करतो आणि तो बहुतेक ठिकाणी ‘पब्लिक’ असाच ठेवलेला असतो. म्हणून तिसरी आवृत्ती वापरावी आणि परवानगी फक्त वाचण्याची द्यावी. आणखी एक खोच अशी की ३२ बिटांचा मोजणारा आकडा सुमारे ४.३ अब्ज बाइटनंतर पुन्हा शून्यावर येतो. लाइन १०० एमबीपीएसने भरून वाहत असेल तर ही वेळ सहा मिनिटांच्या आत येते, आणि आलेखावर चमत्कारिक खड्डे दिसतात. ६४ बिटांचा मोजणारा निवडला की हा घोळ मिटतो.

आता दुरून आत शिरण्याचा प्रश्न. इथे बहुतेकांची गाडी पहिल्याच वळणावर अडते, कारण त्यांच्या राउटरला बाहेरून पोहोचण्याजोगा पत्ताच नसतो. आशिया-पॅसिफिक विभागातला आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपला. तेव्हापासून बरेच सेवादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. ओळखायची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन’ समोर दिसणारा पत्ता आणि ‘माझा आयपी कोणता’ असे विचारल्यावर इंटरनेटवर दिसणारा पत्ता वेगळे असतील, किंवा वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बाहेरून कोणी त्या राउटरचे दार ठोठावू शकत नाही. बाहेरून आलेली जोडणी आत वळवण्याची, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगची, खटपट तिथे व्यर्थ आहे. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायम सार्वजनिक पत्त्याचे, वेगळे पैसे मोजावे, नाहीतर उलटा मार्ग धरावा: राउटरने आतून बाहेर फोन लावावा.

हा उलटा मार्ग स्टॅटिक आयपी असतानाही बरा. राउटरचे व्यवस्थापनाचे पान थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट रीत आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या दुष्ट प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याचे हत्यार म्हणजे कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत डॉइशे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. हल्ला झाला तो ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर, जो सेवादाराला ग्राहकाचा राउटर दुरून सांभाळता यावा म्हणूनच ठेवलेला असतो. मायक्रोटिक कंपनीने ‘विनबॉक्स’ या व्यवस्थापनाच्या सोयीतली खोट एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्त केली, पण नवे फर्मवेअर न चढवलेले लाखो राउटर नंतर त्याच खोटीतून फोडले गेले. तीनही वेळा हल्ला सोयीसाठी केलेल्या दारावरच झाला.

मांडणीला सुरुवात करताना राउटरपाशी बसूनच फर्मवेअर नवे करावे, मूळ पासवर्ड बदलावा आणि बाहेरून व्यवस्थापन करू देणारा पर्याय बंद करावा. घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवून भारतीय प्रमाणवेळ निवडावी. ज्या राउटरचे घड्याळ १९७० साल दाखवते त्याची नोंदवही कितीही भरलेली असली तरी उपयोगाची नसते. मग व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खाजगी बोगदा. ‘वायरगार्ड’ हा त्यातला हलका आणि सध्या बऱ्याच राउटरांत मिळणारा प्रकार. तो २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, आणि कर्जतच्या राउटरने त्याच्याशी स्वतःहून बोगदा जोडायचा. अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवणारे सेवादाराचे यंत्र ही जोडणी विसरू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामे पुडके पाठवायची सोय असते, ती चालू ठेवावी. राउटरचे व्यवस्थापनाचे पान मग घराच्या आतून आणि या बोगद्यातूनच उघडेल असा नियम लावावा. एवढी खटपट नको असेल तर बऱ्याच कंपन्यांचे क्लाउड ॲप हेच काम करते. मात्र तेव्हा किल्ली कंपनीकडेही असते, म्हणून निदान दुहेरी पडताळणी चालू करावी.

तपासणी घरच्या वायफायवरून करू नये, तिथून सगळेच चालते. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून राउटर उघडून पाहावा. व्हीपीएन बंद असताना तो उघडला, तर मांडणी चुकली आहे.

दुरून बदल करताना आपलीच वाट बंद होण्याचा धोका असतो. एक चुकीचा फायरवॉल नियम आणि मुंबईत बसलेला माणूस बाहेर. सिस्कोच्या राउटरवर यासाठी जुनी युक्ती आहे. बदलापूर्वी ‘दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो’ अशी आज्ञा देतात, आणि बदल जतन न करताच करतात. वाट बंद झाली तर राउटर आपोआप जुन्या मांडणीवर परततो. सगळे ठीक असेल तर आज्ञा रद्द करून बदल जतन करायचा. मायक्रोटिकमध्ये याच हेतूने ‘सेफ मोड’ आहे. ज्या घरगुती राउटरांत यातले काहीच नसते, तिथे फायरवॉल आणि वॅनच्या मांडणीला दुरून हात न लावलेलाच बरा.

इशाऱ्यांचेही भान ठेवावे लागते. प्रत्येक चुकलेल्या पिंगला मोबाइल वाजू लागला, तर आठवड्याभरात मालक तो इशाराच बंद करतो. ओळीने तीन-चार उत्तरे चुकली तरच सूचना यावी, आणि सेवा परत आल्याची सूचनाही यावी. शिवाय देखरेख करणारा प्रोग्राम बंगल्याबाहेर हवा. बंगल्यातल्याच संगणकावर तो असेल, तर नेट गेल्याचा निरोप तो नेटशिवाय पाठवणार कसा?

विजेसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो, पण डबे दोन असतील तर राउटर आणि ओएनटी दोन्ही त्यावर हवेत. नुसता राउटर जागा ठेवून काही साधत नाही. सिमकार्डची दुसरी वाट उपयोगी असते. मात्र त्या खोऱ्यात टॉवरची रेंज कितपत आहे ते आधी पाहावे, कारण वीज बराच वेळ गेली तर टॉवरही बसतो. राखणदारालाही दोन गोष्टी दाखवून ठेवाव्यात: ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला का, म्हणजे फायबरचा प्रकाश तुटला का, ते पाहणे, आणि आकाशात गडगडाट सुरू झाला की प्लग काढणे.

बंगला विकला, केबलवाला बदलला किंवा मांडणी करून देणारा मुलगा काम सोडून गेला, तर व्हीपीएनच्या जुन्या किल्ल्या त्याच दिवशी रद्द कराव्यात आणि क्लाउड ॲपच्या खात्यातून जुने नाव काढावे. विकत घेणाऱ्याने राउटरच्या मागचे रिसेटचे बटण टाचणीने दाबून धरावे आणि सगळी मांडणी नव्याने करावी. सेवादाराच्या ओएनटीला मात्र त्याला विचारल्याशिवाय रिसेट करू नये, कारण लाइनची नोंद त्यातच असते आणि ती पुसली गेली की केबलवाल्याला यावेच लागते.