गायब पत्राचा पत्ता

सोमवारी सकाळी साडेनऊला क्लायंटचा फोन. ‘‘त्या परदेशी कोर्सवाल्यांचं सेल्स लेटर पाहिलंयस का? अगदी तस्संच हवंय. शुक्रवारपर्यंत!’’ लिंक उघडली, तर पान गुल. झाली ना पंचाईत!

पण मंडळी, नेटवरून उडालेलं पान कायमचं गेलं असं समजू नका. गूगलची कॅश २०२४ मध्ये बंद झाली, तरी वेबॅक मशीन आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट अर्काइव्ह सुरू केलं, त्याचंच हे दालन २००१ पासून सगळ्यांना फुकट खुलं आहे. फंडा सोपा. जुना पत्ता टाकायचा, वर्ष निवडायचं, कॅलेंडरवर ठिपका दिसेल त्या तारखेवर क्लिक करायचं. त्या दिवशीचं पान हजर! फोटो कधी कधी गळालेले असतात, पण आपल्याला मजकुराशी मतलब. पत्ताच आठवत नसेल, तर पत्रातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून सर्च मारा. कुणीतरी कुठेतरी ते उतरवून ठेवलेलं सापडू शकतं.

एवढा खटाटोप कशाला? मार्टिन कॉनरॉय यांनी वॉल स्ट्रीट जर्नलच्या वर्गणीसाठी लिहिलेलं पत्र १९७५ ते २००३, तब्बल २८ वर्षं पोस्टानं जात राहिलं. एकाच कॉलेजातले दोन तरुण पंचवीस वर्षांनी भेटतात. दोघंही एकाच कंपनीत, पण एक छोट्या विभागाचा मॅनेजर आणि दुसरा थेट प्रेसिडेंट! हा फरक कशामुळे पडला, हे कळेपर्यंत वाचणारा पत्र खाली ठेवत नाही. छपाई आणि पोस्टाचा खर्च असतो हो. न चालणारं पत्र इतकी वर्षं कोण पाठवेल? म्हणून टिकलेली पत्रं वाचायची.

माझं गायब पत्रही सापडलं. हेडिंग झकास, गॅरंटी ठसठशीत. आणि शेवटी लाल अक्षरांत, ‘ऑफर आज रात्री बारा वाजता संपणार!’ सहज पुढचा ठिपका उघडला. तीच ओळ. पुढचं वर्ष. तीच ओळ! तीन वर्षं त्यांची ती रात्र काही उलटली नव्हती.

नेमकी तीच ओळ आमच्या क्लायंटला हवी होती. मी दोन तारखांची पानं शेजारी शेजारी ठेवून त्याला दाखवली. म्हटलं, ‘‘सर, उद्या आपलंही पान असंच कुणीतरी उघडून बघेल.’’ तो वैतागला. ‘‘सगळेच करतात रे!’’ काम हातचं जाणार, असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. मग दोन दिवसांनी फोन आला. पहिली बॅच खरोखरच चाळीस जणांची होती. मी तेवढंच लिहिलं.

जुनी पत्रं जरूर शोधा. त्यांची रचना शिका, वाक्यं उचलू नका. आणि स्वतःचं पत्र पाठवण्याआधी एकदा विचारा, तीन वर्षांनी कुणी हे उघडलं, तर मला लाज तर वाटणार नाही ना?