ओळ पुसणं आणि ओळ थांबवणं

मागच्या व्याख्यानात आपण नकाराविषयी बोललो. विधान नाकारणं वेगळं आणि ते ठामपणे न मांडता नुसतं समोर ठेवणं वेगळं, इथे आपण थांबलो होतो. आज याचंच एक उदाहरण घेऊ, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या रोजच्या कामातलं.

पायथनमध्ये ओळीच्या आरंभी # टाकलं की ती ओळ कॉमेंट होते. जावामध्ये // टाकतात. बऱ्याच एडिटरमध्ये ओळी निवडून कंट्रोल आणि / या कळा एकत्र दाबल्या की सगळ्या एकदम कॉमेंट होतात. पुन्हा दाबल्या की पूर्ववत. ओळ पडद्यावर दिसत राहते, पण यंत्राच्या लेखी ती नसतेच. ‘इफ’खालची एकुलती एक ओळ कॉमेंट केली, तर तिथे काहीच नाही म्हणून पायथन चूक दाखवतं. म्हणजे मजकूर एक, वाचक दोन. यंत्राला ती ओळ नाही, माणसाला आहे.

फ्रेगे यांनी १८७९ च्या ‘बेग्रिफ्सश्रिफ्ट’मध्ये विधानाच्या डावीकडे एक उभी रेघ योजली. रेघ असेल तर विधान सत्य म्हणून मांडलेलं. नसेल तर केवळ आशय समोर ठेवलेला. नकाराचं चिन्ह त्यांनी निराळं ठेवलं. कॉमेंटचं चिन्हही डावीकडेच बसतं, काम मात्र उलट करतं: ते आज्ञेतला आग्रह काढून घेतं. ‘हे करू नकोस’ असं ते म्हणत नाही. ते काहीच म्हणत नाही.

आणि घोळ इथेच होतो. निवृत्तीनंतर आम्ही पायथन शिकलो आणि सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब त्यात बसवला. एकदा बेरीज जुळेना. संशय येईल ती ओळ कॉमेंट करायची, प्रोग्रॅम चालवायचा, फरक पाहायचा. दोष शोधायची ही चांगली रीत. दोष सापडला. पण उशिराचा दंड मिळवणारी ओळ तशीच कॉमेंटमध्ये राहिली. तीन महिने कुणालाच दंड लागला नाही, आणि प्रोग्रॅम बिनतक्रार चालत राहिला. शेवटी खजिनदार मुलीने विचारलं, “काका, ही ओळ विसरलात, की कमिटीने दंड माफ केला म्हणून बंद केलीत?” आम्हाला पटकन उत्तर देता येईना. ओळ समोर होती, पण तिच्यामागचा हेतू कुठेच लिहिलेला नव्हता.

तात्पर्य काय? थांबवणं हे शोधापुरतं असावं. शोध संपला की निर्णय घ्यायचा: ओळ परत चालू करा, नाहीतर पुसा. पुसायची भीती नको, ‘गिट’सारख्या साधनात नोंदवलेल्या जुन्या आवृत्त्या मिळतात. आणि ठेवायचीच असेल, तर शेजारी कारण आणि तारीख लिहा. कारण यंत्राला नको असतं, पुढे वाचणाऱ्या माणसाला हवं असतं. तो माणूस बहुधा आपणच असतो.

पुढच्या वेळी हुसर्ल यांच्या ‘कंसात ठेवण्या’कडे वळू.