मधुमेह आणि मद्यार्क

जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे इन्शुलिन प्रथम रुग्णाला टोचण्यात आले. त्यापूर्वीच्या दशकात मधुमेहावर उपवास हाच मुख्य उपचार होता. फ्रेडरिक ॲलन यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत रुग्णाला अन्न देत नसत. 1915 मध्ये बॉस्टनच्या हिल आणि एकमन यांनी या पद्धतीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात उपवासाच्या दिवसांत काळी कॉफी व दर दोन तासांनी थोडी व्हिस्की देण्याची सूचना आहे. आज ती वाचून आश्चर्य वाटते, परंतु तिच्यामागे निरीक्षण होते. एक ग्रॅम मद्यार्कापासून सुमारे 7 किलोकॅलरी ऊर्जा मिळते आणि त्याचे साखरेत रूपांतर होत नाही. साखर न वाढवणारा हाच पदार्थ इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर धोकादायकरीत्या उतरवू शकतो.

याचे कारण यकृतात आहे. दोन जेवणांमधल्या काळात, विशेषतः रात्री, रक्तातील साखर यकृतच सांभाळते. ते आपल्याजवळचा ग्लायकोजेनचा साठा मोडते आणि त्याचबरोबर लॅक्टेट, ग्लिसरॉल व अमिनो आम्लांपासून नवी साखर तयार करते. या दुसऱ्या क्रियेस नवशर्करानिर्मिती म्हणता येईल. मद्यार्क यकृतात पोहोचला की विकरांच्या साहाय्याने त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड व पुढे ॲसिटेट होते. या दोन्ही टप्प्यांत एनएडी नावाचे सहविकर खर्ची पडते आणि ते अपुरे पडल्याने नवशर्करानिर्मिती मंदावते. पोट भरलेले असेल तर साठ्यावर निभावते. उपाशीपोटी पिणाऱ्याचा साठा मात्र आधीच रोडावलेला असतो. त्यात शरीरातील इन्शुलिनचे किंवा मधुमेहाच्या गोळीचे काम चालूच असल्याने साखर घसरत जाते. ही घसरण बहुधा पहाटे, झोपेत होते, आणि तिचा धोका पुढील 24 तासांपर्यंत राहू शकतो.

मद्यांचे ढोबळ वर्ग दोन. बिअर, वाइन, ताडी ही केवळ किण्वनाने होतात आणि त्यांत कमीअधिक शर्करा उरते. व्हिस्की, रम, मोहाची दारू, गोव्याची फेणी ही ऊर्ध्वपातित मद्ये असून साखर न मिसळल्यास त्यांत ती जवळजवळ नसते. यावरून फेणी मधुमेह्यास चालते असा समज करून घेतला जातो. तो चुकीचा आहे, कारण साखर उतरवणारा मद्यार्क तिच्यात असतोच. शिवाय उराक या काजूच्या मद्यात लिम्का ओतले की साखर आलीच. अशा गोड पेयाने साखर आधी चढते आणि काही तासांनी उतरते, त्यामुळे झोपण्यापूर्वीचा एकच आकडा पाहून निर्धास्त होणे योग्य नाही.

पेल्यांच्या संख्येपेक्षा मद्यार्काचे वजन महत्त्वाचे, आणि ते बाटलीवरच्या टक्केवारीवरून काढता येते. भारतीय व्हिस्कीवर सामान्यतः 42.8 टक्के छापलेले असते. म्हणजे 30 मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली घेतली तर हिशेब 41 ग्रॅमवर जातो. ‘फक्त एक बिअर’ म्हणणाऱ्याने अशा चार पेगांइतके मद्य घेतलेले असते! यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते, तेव्हा या एका बाटलीचे काम चार ते सहा तास चालते.

जोखीम औषधानुसार बदलते. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्यांबरोबर साखर उतरण्याचा धोका सर्वाधिक. मेटफॉर्मिनवर असताना अतिमद्यपान केल्यास रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याची भीती असते, तर डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांबरोबर कीटोआम्ले वाढू शकतात. स्वादुपिंडदाह, यकृतविकार, खूप वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, पायांची बधिरता किंवा गर्भावस्था असल्यास मद्य वर्ज्यच समजावे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नसल्याचे स्पष्ट केले आहे. न पिणाऱ्या मधुमेह्याने सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. जे घेतात त्यांनी डॉक्टरांना ते मोकळेपणाने सांगावे. ही लपवाछपवी आपल्याकडे फार आहे, आणि तिच्यामुळे औषधाची मात्रा चुकते. चखण्याला जेवण समजू नये. भाकरी, पोळी किंवा भात पोटात असावा. झोपण्यापूर्वी साखर तपासावी, कमी वाटल्यास खाऊन झोपावे आणि सकाळी पुन्हा तपासावी. व्यायामाच्या दिवशी अधिक जपावे, कारण स्नायू रक्तातून साखर ओढत असतात.

रक्तातील साखर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, अडखळते बोलणे, गोंधळ ही लक्षणे दिसतात. तोंडाला दारूचा वास असल्याने घरचे ‘चढली आहे, झोपू द्या’ म्हणतात आणि मोलाचा वेळ जातो. अशा वेळी ग्लुकोमीटरने लगेच तपासावे. शुद्धीवर असल्यास 15 ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. साखर वाढवण्यासाठी दिले जाणारे ग्लुकागॉनचे इंजेक्शन यकृतातील साठ्यावरच काम करते, त्यामुळे उपाशीपोटी प्यायलेल्या रुग्णात त्याचा गुण कमी येतो आणि शिरेतून ग्लुकोजच द्यावे लागते. म्हणून रुग्ण मधुमेही आहे, कोणते औषध घेतो आणि किती प्यायला आहे, या तिन्ही गोष्टी रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना सर्वप्रथम सांगाव्यात.