पाळी लांबते तेव्हा : गोळी घेण्यापूर्वी

जमाखर्च आणि शस्त्रक्रियांच्या तपशिलाबरोबर आरोग्यविषयक एखादा लेख वार्षिक अहवालात द्यावा, असा आमचा प्रघात आहे. यंदा मासिक पाळी लांबण्याचा विषय घेतला, त्यास कारण आहे. या तक्रारीसाठी आमच्या स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या पुष्कळ भगिनी त्याआधीच औषधाच्या दुकानातून ‘पाळी येण्याची गोळी’ घेऊन चुकलेल्या असतात. गोळीने पाळी आली तर मूळ कारण तसेच राहते. न आली तर तपासणीस यायला उशीर होतो. दोन्ही गोष्टी आम्हांस काळजीच्या वाटतात.

प्रथम हिशेबाविषयी. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर मोजावयाचे असते. स्राव थांबल्याच्या दिवसापासून नव्हे. प्रौढ स्त्रीमध्ये हे अंतर 24 ते 38 दिवसांचे असणे स्वाभाविक मानले जाते. दर महिन्याच्या त्याच तारखेस पाळी यावी, असा शरीराचा नियम नाही. न्हाण आल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे तर ती मागेपुढे होणारच.

अंडाशयातून स्त्रीबीज सुटल्यानंतर गर्भ न राहिल्यास सुमारे चौदा दिवसांनी पाळी येते. हा उत्तरार्ध बहुतेकींमध्ये बराचसा ठरावीक असतो. कमीजास्त होतो तो पूर्वार्ध. म्हणजे पाळी लांबते तेव्हा बहुधा बीजच उशिरा सुटलेले असते, किंवा सुटलेलेच नसते. बीज सुटण्याचा आदेश मेंदूतील केंद्राकडून पीयूषिका ग्रंथीमार्फत येतो. म्हणूनच परीक्षा, घरातील मृत्यू, मोठे आजारपण, कडक उपास अथवा झपाट्याने घटलेले वजन यांचा परिणाम थेट पाळीवर होतो. बीज सुटलेच नाही, तर गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि मग दोन-तीन महिन्यांनी एकदम पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जात राहते.

असे असले तरी पहिला प्रश्न गर्भधारणेचाच असला पाहिजे. तो विचारताना घरोघरी संकोच होतो, हे आम्ही जाणतो. परंतु लघवीची साधी तपासणी पाळी चुकल्यावर लगेच करता येते. ‘नाही’ असे उत्तर येऊनही पाळी न आल्यास आठवड्याने ती पुन्हा करावी. ‘माझे ऑपरेशन झाले आहे’ किंवा ‘बाळ अंगावर पिते आहे’ या कारणांनी ती टाळू नये. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतरही क्वचित गर्भ राहतो, आणि तसा राहिल्यास तो नलिकेत असण्याचा संभव अधिक. स्तनपान करणाऱ्या मातेत पाळी परत येण्यापूर्वीच बीज सुटू शकते. त्यामुळे एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस गेल्याचे उदाहरण दुर्मिळ नाही. अविवाहित मुलीशी आम्ही आईला क्षणभर बाहेर बसवून बोलतो. त्यात अविश्वास नाही. ही तपासणी आम्ही सर्वांचीच करतो.

आता त्या गोळीविषयी. पाळी आणण्यासाठी दिली जाणारी गोळी बहुधा प्रोजेस्टेरॉन प्रकारातील असते. अस्तर तयार असेल व गर्भ नसेल, तर ती थांबविल्यानंतर काही दिवसांत स्राव होतो. त्याने बीज का सुटले नाही, हे कळत नाही. गर्भ असेल तर स्राव होत नाही आणि मोलाचे आठवडे वाया जातात. याहून धोक्याचे म्हणजे तपासणीवाचून गर्भपाताच्या गोळ्या घेणे. गर्भ नलिकेत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही; मात्र थोडा रक्तस्राव झाल्याने ‘काम झाले’ असा समज होतो, आणि पुढे नलिका फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूस तीव्र दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, खांद्यात कळ येणे यांपैकी काहीही झाल्यास रात्र असली तरी थांबू नये.

सणासुदीस, लग्नकार्यास किंवा वारीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही याच कुळातील. घरातील रीतीविषयी आम्ही काही म्हणत नाही. पण पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या किंवा यकृताचा विकार असलेल्या स्त्रीस त्या घातक ठरू शकतात. त्यांनी गर्भ राहणे टळते, हाही गैरसमज आहे.

गर्भ नाही असे ठरल्यावर कारणांचा शोध सुरू होतो. तरुण मुलींमध्ये सर्वांत अधिक आढळतो तो अंडाशयाचा पीसीओएस हा विकार. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी 1935 साली त्याचे वर्णन केले. पाळी लांबणे, हनुवटीवर राठ केस, मुरुमे, मानेवर काळसर जाड त्वचा अशी त्याची लक्षणे. वजन जास्त असल्यास ते थोडे उतरले तरी पुष्कळदा पाळी सुधारते. मात्र सडपातळ मुलींनाही हा विकार होतो. केवळ सोनोग्राफीच्या कागदावरून तो ठरवू नये. वर्षानुवर्षे पाळी लांबत राहिल्यास अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून ‘लग्नानंतर बघू’ हे धोरण योग्य नाही. थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिन वाढणे, तसेच ते वाढविणारी उलटीवरील व मानसिक आजारांवरील काही औषधे हीदेखील कारणे असतात. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयही ध्यानात ठेवावा लागतो.

चाळिशी उलटल्यावर पाळी मागेपुढे होऊ लागते ती पुष्कळदा रजोनिवृत्तीच्या चाहुलीने. नेमक्या याच वयात, आणि त्याहूनही आधी, ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनास 2019 साली समिती नेमावी लागली. खाडा पडला की मजुरी कापली जाते, अशा जिण्यात पाळीच नको वाटावी, हे समजण्यासारखे आहे. पण अनियमित पाळीस बहुतांशी औषधोपचार पुरतो. उलट, वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी तपासणी अवश्य करावी.

नियमित पाळी असलेल्या स्त्रीस तीन महिने पाळी न आल्यास, किंवा मुलीस पंधराव्या वर्षापर्यंत न्हाणच न आल्यास दाखवावे. येताना मागील तीन-चार पाळ्यांच्या तारखा कालनिर्णयावर खूण केलेल्या असल्यास तेच पान आणावे, आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही टाकून न देता बरोबर आणावीत.