हद्दीपलीकडची ओसरी

दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते आणि हुतात्म्यांची नावे घेतली जातात. यंदा भाषण ऐकताना मनात एक प्रश्न आला. १५ ऑगस्ट १९४७ पासून हैदराबाद संस्थान भारतात येईपर्यंतच्या त्या तेरा महिन्यांत आमच्या धावड्यासारख्या गावांतल्या बायका-पोरींना कोणी सांभाळले? धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या लढलेल्या बाईचे नाव आता घेतले जाते. पण ज्या लढल्या नाहीत, नुसत्या जीव मुठीत धरून राहिल्या, त्यांचे काय?

हे समजायला आधी नकाशा पाहावा लागतो. धावडा आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. थोड्याच कोसांवर बुलढाण्याची हद्द लागते. तिकडे वऱ्हाड. गंमत अशी, की कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच. पण कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे गेलेला. म्हणून एका बाजूला रझाकारांची दहशत, तर गाडीवाटेने पलीकडे गेले की भारत सरकारचा अंमल! मध्ये कुंपण नव्हते आणि पलीकडे कोणाची आत्या, कोणाचा मामा होता.

त्यामुळे मदतीचे पहिले रूप म्हणजे सोयरीक. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या, त्यांत उमरखेडची प्रसिद्ध. पण त्या लढणाऱ्यांच्या. तरण्या पोरीला तिथे कोण पाठवील?

माझ्या आईची आजी मूळची धावड्याची. तेव्हा ती तेरा वर्षांची. १९४८ च्या माघात शेजारच्या गावात रझाकार आल्याची आवई उठली, तशी चुलत्याने रात्रीच गाडी जुंपून तिला आत्याकडे पोचवले. ती सांगायची, त्या घरात तेव्हा सतरा माणसे होती. ओसरीवर गोणपाटाचा आडोसा करून पोरींची निजायची सोय केली होती. पाण्याला किंवा परसाकडे एकटीने जायचे नाही. एक म्हातारी काठी टेकीत सोबत येई. दळण आळीपाळीने. शेजारणी पदराखाली ज्वारी घेऊन येत आणि देताना "जास्तीची होती, किडून जायची" असे म्हणत. म्हणजे घेणारीला मान खाली घालावी लागत नसे.

युद्धकाळात स्त्रियांच्या अब्रूचे संरक्षण झाले पाहिजे, असे १९४९ च्या जिनिव्हा करारात लिहिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली १३२५ क्रमांकाचा ठराव खास स्त्रियांसाठी केला. ते वाचताना मला ती काठीवाली म्हातारीच आठवली.

पण या मदतीची दुसरीही बाजू आहे. आत्याच्या गावात मराठी शाळा होती. आतेभावाच्या पाटीवर पणजी अक्षरे गिरवू लागली होती. वैशाखात तिचे लग्न लावून दिले. "परक्याची जोखीम किती दिवस सांभाळायची?" असे सगळ्यांचे म्हणणे. मुलीला चौदा वर्षे पुरी हवीत, असा शारदा कायदा १९२९ पासून होता. पण त्या धामधुमीत कोण विचारतो! सप्टेंबरात पोलीस ॲक्शन पाच दिवसांत आटोपली. गाव मोकळे झाले, पणजी मात्र सासरी राहिली. पाटी सुटली ती कायमची. पुढे तिचीच नात, माझी आई, धावड्याला दिली गेली. दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आत्याला दोष देण्याची माझी छाती नाही, पण ती पाटी मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट मला यंदाच कळली. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात मुसलमानांवर सूड उगवला गेला. रझाकार वेगळा आणि गावातला मुसलमान शेजारी वेगळा, हा भेद संतापात उरला नाही. भारत सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या अखेरीस इथे फिरली. तिच्या अंदाजाने संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. बायका पळवल्या गेल्या, पोरी पोरक्या झाल्या. अहवाल कित्येक वर्षे दडून राहिला. मात्र त्याच अहवालात, स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या आणि पळवलेल्या बायका परत आणायला मदत करणाऱ्या हिंदूंचाही उल्लेख आहे.

पणजी असती तर तिला विचारले असते. दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारले, की तेव्हा मुसलमानांच्या बायका-पोरी कोणाच्या ओसरीवर निजल्या? आजोबांनी पाऊसपाण्याचा विषय काढला. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या सासूनं दोघी मायलेकींना कणगीच्या खोलीत ठिवलं व्हतं. कोनाला सांगितलं नाई. ज्वारी तेवढी जास्तीची दळावी लागायची."