ऱ्होनचे द्राक्ष, नाशिकची वाइन आणि एका रुग्णाचा प्रश्न



मागच्या हिवाळ्यात सांवेरच्या माझ्या दवाखान्यात एक जुने स्नेही आले. निवृत्त शिक्षक, घराणे होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थायिक. पुण्याच्या मुलाने नाशिकहून वाइनची बाटली आणली होती. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तांबडी वाइन हृदयाला चांगली असते म्हणतात. रोज अर्धा पेला घेऊ का?"

मी जैन. मद्य घरात वर्ज्य, त्यामुळे चवीबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण प्रश्न औषधाचा होता. शिवाय काही वर्षांपूर्वी असेच विचारणाऱ्या दुसऱ्या एका रुग्णाला मी केवळ वर्तमानपत्रांच्या भरवशावर "थोडी चालेल" असे सांगून बसलो होतो. म्हणून या वेळी नीट वाचले. त्याचे सार आज सांगतो.

बाटलीवर 'शिराझ' लिहिले होते. नावामुळे इराणचे शहर आठवते आणि तशी दंतकथाही आहे. पण जनुकीय तपासणीत हे द्राक्ष आग्नेय फ्रान्समधल्या दोन जुन्या वाणांच्या संकरातून झाल्याचे ठरले. तिकडे त्याला 'सिरा' म्हणतात. त्याचे माहेर म्हणजे ऱ्होन नदीचे खोरे. लिऑन शहराच्या दक्षिणेला नदीकाठच्या उभ्या, खडकाळ उतारांवर पायऱ्या बांधून वेली लावलेल्या आहेत. एर्मिताज आणि कोत-रोती ही तिथली नावाजलेली ठिकाणे. बाटलीवर द्राक्षाचे नव्हे, ठिकाणाचे नाव मिरवते. आपण रतलामी शेव म्हणतो तसे. एकोणिसाव्या शतकात हा वेल ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथे 'शिराझ' हेच नाव रूढ झाले.

नाशिकला राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनची द्राक्षे लावली. 'सुला'ची पहिली वाइन २००० साली आली. त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला वाइन होऊ लागली होती. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले आणि दिंडोरीकडे शिराझ रुजली.

खरे कौतुक शेतकऱ्याचे. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपतो, वसंतात फुटतो, सप्टेंबरच्या सुमारास तोडणी होते. नाशिकला वेलाला अशी झोप नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळ छाटणी करतात. पावसात घड कुजतील, तेव्हा पीक हिवाळ्यात बसवायचे आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडायचे. आपण बाजारातून आणतो ती थॉमसन बिनबियांची. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे.

ती साल महत्त्वाची. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा फिकाच असतो. रंग सालीत असतो. म्हणून तांबड्या वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात. रंगाबरोबर टॅनिन उतरते. कडक कोऱ्या चहाने किंवा अर्धकच्च्या जांभळाने तोंड कोरडे पडते, तोच हा तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते. समोर मांस किंवा चीज असेल तर ते तिकडे गुंतते आणि घोट मऊ लागतो. फ्रान्समध्ये ही वाइन भाजलेल्या मांसाबरोबर घेतात ती यामुळे. शिराझमध्ये मिऱ्याचा वासही येतो. तो देणारा रोटंडोन नावाचा पदार्थ खुद्द मिऱ्यातही असतो. तिखटजाळ रश्शाबरोबर मात्र अल्कोहोल जळजळ वाढवतो. म्हणजे जोड लावायची तर आपल्याकडच्या मिरे घातलेल्या, तूप-पनीरच्या पदार्थांशी.

आता हृदय. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, हा 'फ्रेंच विरोधाभास' १९९१ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर गाजला आणि श्रेय तांबड्या वाइनला मिळाले. पुढे त्या प्रकारच्या अभ्यासांतल्या उणिवा दिसल्या. 'न पिणाऱ्यां'त आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जात. बेताने पिणारे बहुधा सुस्थितीतले, व्यायाम करणारे असत. ज्या रेसव्हेराट्रॉलचे गुण गातात, ते पेल्यात अत्यल्प असते. दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे सोळा ग्रॅम अल्कोहोल मात्र नक्की जाते. अल्कोहोल कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही असे सांगितले.

"पण तुमची औषधेही अल्कोहोलातच ना?" असे स्नेह्यांनी हसत विचारले. प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "तिथे काही थेंब असतात आणि ते वाहक म्हणून. त्यावरून पेला भरता येत नाही. तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या घेता. वाइन ही मातीची, कष्टाची आणि जेवणाची गोष्ट म्हणून जरूर समजून घ्या. औषध म्हणून माझ्याकडे मागू नका."

त्याच आठवड्यात मी त्या जुन्या रुग्णाच्या घरी गेलो आणि "थोडी चालेल" हे माझे शब्द परत घेतले. ते म्हणाले, "डॉक्टर, मी तुमच्या नावावर घरच्यांना गप्प करत होतो."